भोंगा गप्प बसला तो आठवडा

लिफ्टच्या शाफ्टमध्ये माणूस दिसत नाही, नुसता ऐकू येतो. एक जण वर मशीनरूममध्ये, एक केबिनच्या टपावर गुडघे टेकून, एक तळाच्या खड्ड्यात. मध्ये अंधार, ग्रीसचा वास आणि पोलादी दोरांची बारीक थरथर. अशा जागी ज्याचा आवाज चालतो त्याचं काम चालतं, आणि त्या हिशेबाने भोंग्यासारखा लिफ्टमिस्त्री दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता.

आईबापांनी त्याला बरंसं नाव ठेवलं होतं, पण पगाराच्या पावतीपलीकडे ते कोणी वापरत नसे. कॅन्टीनमध्ये तो ‘मीठ दे’ म्हणाला की चार टेबलांवरून मिठाच्या बाटल्या पुढे यायच्या. लग्नानंतर नव्या नवरीने पहिला आठवडा कानात कापूस घालून काढला, असं तो स्वतःच सांगायचा. बायको म्हणायची, “आठवडा कुठला? तो कापूस मी अजून बाहेर काढला नाही.”

त्याला शिकवणाऱ्या उस्तादाच्या एका हाताला दोन बोटं कमी होती. वरच्याने काय म्हटलं ते नीट न ऐकता खालच्याने बटण दाबलं, त्यात गेली. म्हणून उस्तादाने एक नियम घालून दिला होता आणि तो मोडणाऱ्याला तो पान्हा फेकून मारायचा. शाफ्टमधून जे ऐकू येईल ते जसंच्या तसं मोठ्यांदा परत म्हणायचं, शेवटी ‘ऐकलं’ म्हणायचं, मगच हात हलवायचा. “वर घे!” “वर घेतो, ऐकलं!” “थांब!” “थांबलो, ऐकलं!” अर्धं आयुष्य हेच केल्यावर ते भोंग्याच्या हाडात मुरलं. एकदा शाफ्टमधून कोणी ‘डोळ्यात धूळ गेली’ म्हणालं तर हा वरून ‘डोळ्यात धूळ गेली, ऐकलं!’ अशी आरोळी ठोकून मोकळा. घरी बायको सामान सांगायची तेव्हाही हा दारातून ‘साबण, मीठ, झाडू, ऐकलं!’ म्हणत जिना उतरायचा. समोरून आवाज आला की आधी त्याचं तोंड चालायचं, डोकं मागून धापा टाकत पोचायचं.

त्याच्या टोळीत आणखी दोघं. एक पोपट, वायरिंगवाला. त्याला पोपट का म्हणत हे त्याच्याबरोबर पाच मिनिटं बसलेल्या कोणालाही सांगावं लागत नसे. दुसरा इस्त्री. दिवसभर ग्रीसमध्ये लोळणारा माणूस, पण सकाळी कामावर यायचा तो पँटला अशी घडी पाडून की तिच्यावर पेन्सिलीला टोक काढावं. पस्तिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा, एका टेलरबरोबर खोली घेऊन राहणारा. कपडे शिवायला घरात टेलर असल्यावर माणूस नीटनेटका राहणारच, यापुढे कोणी विचार केला नव्हता.

इस्त्रीवर भोंग्याचा जीव होता आणि त्याला एक कारण होतं, जे तिसऱ्याला माहीत नव्हतं. काही वर्षांपूर्वी टपावर उभा असताना भोंग्याचा पाय घसरला होता. लागलं काही नाही, एका हाताने दोर धरला. पण त्या दिवसापासून टपावर पाऊल ठेवलं की त्याच्या पोटऱ्या लटपटायच्या. लिफ्टमिस्त्री टपाला घाबरतो हे कोणाला सांगणार? इस्त्रीने ते न सांगता ओळखलं. दर कामाला तो सहज म्हणाल्यासारखं म्हणायचा, “दादा, मी टपावर जातो, तू दारात थांब.” ना कधी त्यावर विनोद केला, ना कधी उपकार दाखवला.

अशा माणसाचा संसार मांडून द्यायचा, हे भोंग्याच्या बायकोने मनावर घेतलं होतं. तिच्या बहिणीची मुलगी लग्नाची होती.

त्या मंगळवारी एका ऑफिसच्या इमारतीत काम होतं. इस्त्री टपावर बसून रुळांना तेलाचं फडकं मारत होता. भोंगा वरच्या मजल्याच्या उघड्या दारात उकिडवा बसून मान खाली घालून त्याच्याशी बोलत होता. पोपट चहाला गेलाय असं दोघांनाही वाटत होतं.

“रविवारी संध्याकाळी घरी ये. भाची येणार आहे,” भोंगा म्हणाला. “औषधांच्या दुकानात कामाला आहे. स्वतःच्या पायावर उभी. तुझ्यासारखीच टापटिपीची. दोघं मिळून जन्मभर घड्या घालत बसा.”

“दादा, नको.”

“का नको? आता नाही तर काय दात पडल्यावर करणार? तुझ्या वहिनीने पडदेसुद्धा धुवायला काढलेत.”

फडकं थांबलं. समोर तोंड दिसत नसलं की माणसाला बोलायला धीर येतो, शिवाय ऐकणारा आपला असला की जास्तच. खालून इस्त्री हळू आवाजात म्हणाला, “दादा, मला पुरुष आवडतात. बाईबद्दल मला तसं कधी वाटलंच नाही. आणि टेलर माझा रूममेट नाही. माझा माणूस आहे.”

शाफ्टमधून आवाज आला होता. भोंग्याचं तोंड चालू झालं.

“पुरुष आवडतात! टेलर रूममेट नाही, माणूस आहे! ऐकलं!”

शाफ्ट घणघणला. ‘माणूस आहे’ मजल्यामजल्यावर आपटत खाली गेलं आणि तळातून टॉर्च पडल्याचा आवाज आला. पोपट चहाला गेला नव्हता. खड्ड्यात टॉर्च दातात धरून वायर सोलत बसला होता. जन्मात एकदा हा माणूस गप्प होता, तो नेमका तेव्हा.

भोंग्याचं डोकं धापा टाकत येऊन पोचलं तेव्हा त्याला कळलं आपण काय केलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तो म्हणाला, “अरे... मी...”

“केबिन वर घे,” इस्त्री म्हणाला.

भोंग्याने नियमाप्रमाणे ते परत म्हटलं नाही. इस्त्रीला दोनदा सांगावं लागलं.

परत येताना व्हॅन इस्त्री चालवत होता. पोपट मागे हत्यारांच्या पेटीवर बसला होता आणि त्याच्या पोटात ते राहणं शक्य नव्हतं.

“दादा, आज शाफ्टमधून कसली बातमी सांगितली म्हणे? मला नीट समजली नाही.”

“काही नाही रे,” भोंगा म्हणाला. “गंमत करत होता तो.”

“असं होय? मला वाटलं टेलर मापं कुठली घेतो ते आता कळणार.”

भोंगा हसला. हसण्यासारखं काही नव्हतं आणि हसायचंही नव्हतं, पण माणूस बावरला की दात बाहेर येतात तसे आले. आरशात इस्त्रीचे डोळे दिसले. त्याने पोपटकडे पाहिलं नाही. भोंग्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की इस्त्रीने बदली मागितली. सरकत्या जिन्यांच्या टोळीत.

भोंग्याने त्याला सामानाच्या खोलीत गाठलं. इस्त्री बेअरिंगची खोकी फळीवर लावत होता.

“अरे, चुकून गेलं रे तोंडातून. तुला माहीत आहे माझी सवय. शपथ घेऊन सांगतो...”

“शपथ कशाला? सवय आहे ते मला माहीत आहे. मीच शाफ्टमध्ये बोलायला नको होतं.”

“मग झालं तर! बदली मागे घे.”

इस्त्रीने खोकं ठेवलं. “दादा, शाफ्टमधलं मी धरून बसलेलो नाही. व्हॅनमध्ये तू म्हणालास गंमत करत होता. ती सवय नव्हती.”

“मी तुला वाचवत होतो!”

“कशापासून? मी चोरी केली होती का? बारा महिने धीर गोळा करून मी खरं बोललो आणि तू त्याची गंमत करून टाकलीस. वर हसलास.”

भोंग्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “मग काय म्हणायला हवं होतं मी? तूच सांग. मला हे जमत नाही. मला नटबोल्ट कळतात.”

“काही म्हणायला नको होतं. नाहीतर मला विचारायचं, याला काय सांगू म्हणून. मी शेजारीच बसलो होतो की.”

“तू कोणाला टपाचं कधी बोललास का?” भोंगा एकदम म्हणाला. म्हणजे त्याला म्हणायचं होतं, माझं तू कोणाला बोलला नाहीस आणि मी तुझं बोलून बसलो. पण तोंडातून ते तक्रारीसारखं बाहेर पडलं.

इस्त्रीला कळलं मात्र. “नाही बोललो. ते तुझं आहे, तू बोलशील तेव्हा. पण दादा, दोन्हीची गाठ मारू नकोस. तुझी ती भीती आहे, उद्या जाईल. माझं काही बिघडलेलं नाही.”

“बिघडलंय असं मी कुठे म्हणतोय?”

“म्हणत नाहीस. फक्त सकाळपासून माझ्याशी दवाखान्यात भेटायला आल्यासारखा बोलतोयस.”

ते खरं होतं. नेहमीचा भोंगा असता तर एव्हाना त्याने इस्त्रीच्या पाठीत धपाटा घातला असता. आता त्याचे हात कुठे ठेवायचे तेच त्याला कळत नव्हतं.

“मंजुरी यायला आठवडा लागेल,” इस्त्री म्हणाला. “तोवर मला गोदामाचं काम दिलंय.”

दुपारी कंपनीच्या मॅनेजर मॅडमनी भोंग्याला बोलावलं. मॅडमच्या टेबलावर काचेखाली सगळ्या टोळ्यांची वाटणी होती आणि त्या पेन वाजवत त्याकडे पाहत होत्या.

“मिस्त्री, तुमची टोळी मी सगळ्यांना दाखवते उदाहरण म्हणून. याला काय झालं? भांडलात?”

“नाही, मॅडम.”

“मग? पोपट काहीतरी कुजबुजतोय बाहेर. मला कुजबूज आवडत नाही. तुम्ही मोकळेपणाने सांगा. तुम्ही सांगितलं तर मी बदली थांबवू शकते.”

भोंग्याच्या जिभेवर सगळं तयार होतं. त्याला बदली थांबवायचीच होती. बदली झाली की टपावर त्यालाच चढावं लागणार होतं. तेही सोडा, सकाळी व्हॅनमध्ये शेजारी इस्त्री नसणार हे त्याला सहन होत नव्हतं. दोन वाक्यांत काम झालं असतं. मॅडम चांगल्या होत्या, समजून घेतलं असतं.

“मॅडम, कारण त्याचं आहे,” तो म्हणाला. “तुम्ही त्याला विचारा. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल.”

“तुम्हाला माहीत आहे?”

“माहीत आहे.”

“आणि सांगणार नाही?”

“नाही.”

मॅडमनी पेन वाजवणं थांबवलं. या माणसाचा इतका खालचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांना वाटलं घसा बसलाय. “गरम पाणी घ्या,” त्या म्हणाल्या.

गुरुवारी एका हॉटेलची लिफ्ट अडकली. भोंगा आणि पोपट दोघंच गेले. केबिनच्या टपाजवळ आल्यावर पोपट शिडी धरून उभा राहिला आणि भोंगा दारातच उभा राहिला.

“चढ की,” पोपट म्हणाला.

भोंग्याच्या पोटऱ्यांनी उत्तर दिलं. तो दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. कपाळावर घाम आला. “पोपट, मी टपावर जात नाही. किती वर्षं झाली. पाय धरतात माझे. इस्त्री जायचा माझ्याऐवजी.”

पोपटने तोंड उघडलं. भोंग्याने वाट पाहिली, आता येईल काहीतरी, उद्या कॅन्टीनमध्ये होईल माझीही चटणी. पण पोपट म्हणाला, “मग आधी नाही सांगायचं? उगाच शिडी लावली.” आणि स्वतः वर चढला. थोड्या वेळाने वरून आवाज आला, “आणि त्याने कधी कोणाला सांगितलं नाही?”

“नाही.”

“माझ्यापाशी असतं तर संध्याकाळपर्यंत...” पोपटने वाक्य पुरं केलं नाही. बराच वेळ नुसती पान्ह्याची खडखड येत राहिली. मग, “दादा, त्याचं ते खरंच आहे का रे? टेलरचं?”

भोंग्याने चौकटीवर डोकं टेकलं. “काय विचारायचं ते त्याच्या तोंडावर विचार. आणि मापाचे विनोद पुन्हा माझ्यासमोर नकोत. मी त्या दिवशी हसलो, ते माझं चुकलं. तू बोललास, ते तुझं.”

“अरे, मी सहज...”

“तू सहजच. पण तो तिथे बसला होता.”

घरी वेगळीच तोफ लागली होती. पडदे धुऊन झाले होते, गाद्यांना ऊन दाखवून झालं होतं, बहिणीला फोन झाला होता. भोंगा जेवायला बसला आणि ताटाकडे पाहत म्हणाला, “रविवारी भाचीला बोलावू नको.”

“का?” बायको म्हणाली.

“नको.”

“नको म्हणजे? मुलाने नाही म्हटलं?”

“हो.”

“का? तिच्यात काय खोट काढली त्याने?”

“तिच्यात काही खोट नाही.”

“मग त्याच्यात आहे?”

“त्याच्यातही नाही.”

“अहो, दोघांत खोट नाही, मग नाही कसलं? माझ्या बहिणीला मी काय सांगू? दारू पितो का? कुठे बायको सोडून आलाय का? बोला ना! एरवी तुमचा शिंकण्याचा आवाज चार घरं ऐकतात.”

“मी सांगू शकत नाही.”

“माझ्यापासून लपवता? मी परकी?”

इतक्या वर्षांच्या संसारात भोंग्याने बायकोपासून काही लपवलं नव्हतं. टपाचंसुद्धा तिला माहीत होतं. त्याला वाटलं, हिला सांगायला काय हरकत आहे? ही कोणाला बोलणार नाही. मग त्याला वाटलं, मीही कोणाला बोलणार नव्हतो. तो नुसता घास चिवडत राहिला. बायको ताट उचलून गेली. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलली. भाचीला ‘येऊ नको’ असं बहिणीला सांगताना तिला जे ऐकून घ्यावं लागलं, ते तिने कपाटाचं दार आपटून त्याला कळवलं.

शनिवारी तिच्याने राहवेना. तिने सरळ इस्त्रीला फोन लावला.

“काय रे, एवढे आम्ही नकोसे झालो? भाचीला नाही म्हणालास, ठीक आहे, ज्याची त्याची मर्जी. पण कारण तरी कळू दे. हे तर तोंडाला कुलूप लावून बसलेत.”

पलीकडे थोडा वेळ शिवणयंत्राचा आवाज तेवढा येत होता. “वहिनी, दादाने तुम्हाला काहीच सांगितलं नाही?”

“विचार करकरून माझं डोकं उठलं! जेवत नाहीत, धड बोलत नाहीत. मला वाटलं कानात बिघाड झाला माझ्या.”

“तुम्हीसुद्धा विचारलंत आणि तरी नाही?”

“पाया पडायची तेवढी बाकी ठेवली.”

शिवणयंत्र थांबलं. “वहिनी, मी उद्या संध्याकाळी येतो,” इस्त्री म्हणाला. “मी सांगतो.”

रविवारी तो आला तेव्हा भोंगा दाराकडे पाठ करून खिडकीत उभा होता. बायकोने त्याला आधी काही सांगितलं नव्हतं. इस्त्रीला दारात पाहून त्याने खुर्ची ओढली, मग दुसरी ओढली, मग पहिली परत मागे सारली.

“दादा, बस तू,” इस्त्री म्हणाला. “मी वहिनींशी बोलायला आलोय. पण तू असलेला बरा.”

भोंगा बसला. बायकोने चहा ठेवला आणि पदराला हात पुसत समोर बसली. इस्त्रीने पँटची घडी दोन बोटांनी नीट केली. मग पुन्हा केली.

“वहिनी, तुमच्या भाचीला मी नाही म्हणालो कारण मी आधीच एकाचा आहे. मी टेलरबरोबर राहतो ना, ते एकत्र खोली घेतली म्हणून नाही. आम्ही नवराबायकोसारखे... नाही, तसंही नाही. आम्ही एकमेकांचे आहोत. मला पुरुष आवडतात. आधीपासून.”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली नाही, डोळ्यांनीही काही सुचवलं नाही. ती परत इस्त्रीकडे वळली.

“अरे, पण... डॉक्टरला वगैरे दाखवलंस का?”

भोंग्याच्या जिभेवर उत्तर आलं होतं. त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला.

“आजार नाही वहिनी तो. दाखवायचं काय?” इस्त्री म्हणाला. “तुम्हाला दादा आवडतात, तसा मला तो आवडतो. एवढंच.”

“मला हे आवडतात, असं तुला कोणी सांगितलं?”

क्षणभर कोणाला हसावं की नाही कळेना. मग इस्त्रीच फसकन हसला, त्याच्यामागून ती, आणि भोंगा सगळ्यात शेवटी. त्याचे डोळे भरले होते, त्यामुळे त्याचं हसणं जरा ओलसरच निघालं.

“चुकलं माझं,” ती पदराने नाक पुसत म्हणाली. “डॉक्टरचं. तोंडाला आलं ते बोलले. मला यातलं काही ठाऊक नाही रे. मी विचारलेलं वाईट वाटलं तर तसं सांग.”

“विचारा. वाईट वाटलं तर सांगेन.”

“किती वर्षं झाली?”

“तुमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आलो होतो ना, त्याच्या आधीपासून.”

“अगबाई! आणि मी आपली त्या पोरीचं गुणगान गात बसले. तेव्हा मनात काय म्हणत असशील मला?”

“म्हणत होतो, वहिनींनी एवढं कौतुक माझंही करावं.”

तिने त्याच्या हातावर चापट मारली. मग तिला दुसरी काळजी आठवली. “बहिणीला काय सांगू आता?”

“सांगा, मुलाचं जमलेलं आहे. ते खरंच आहे. कोणाशी ते नका सांगू. ते कोणाला सांगायचं मी बघेन.”

“बरं,” ती म्हणाली. “आणि तो कुठे आहे? त्याला घरी बसवून आलास?”

“खाली आहे. कोपऱ्यावर.”

“तासभर? माणूस कोपऱ्यावर उभा करून ठेवलास? काय म्हणावं तुला! जा, घेऊन ये त्याला.” तो उठेपर्यंत तिने आणखी एक कप काढला, आणि मग नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाली, “अहो, त्याला काय म्हणून हाक मारायची? भावजी?”

भोंगा म्हणाला, “आल्यावर त्यालाच विचारू.”

इस्त्रीबरोबर तो जिन्यापर्यंत गेला. जिन्यात दोघं क्षणभर थांबले. भोंग्याला विचारायचं होतं बदलीचं. आठवडाभर तेच पोटात घेऊन तो हिंडत होता. त्याने विचारलं नाही. कठड्यावरचा उखडलेला रंग नखाने खरवडत राहिला.

“मॅडमनी काल बोलावलं होतं,” इस्त्री म्हणाला. “तू कारण सांगायला तयार नाहीस म्हणाल्या. त्यांना राग आला होता.”

“येऊ दे.”

“मी म्हटलं, ती मंजुरी पाठवू नका.”

भोंग्याने तोंड उघडलं.

“पण पोपटला मी माझ्या तोंडाने सांगणार. पहिल्यापासून. तू मध्ये बोलायचं नाहीस. त्याने वेडंवाकडं विचारलं तरी नाही.”

“आणि तुला उत्तर सुचलं नाही तर?”

“तर मी तुझ्याकडे बघेन. तेव्हा बोल.” एवढं म्हणून इस्त्री दोन दोन पायऱ्या उतरत खाली गेला.

सोमवारी दुपारी एका शाळेच्या गच्चीवर, मशीनरूमच्या सावलीत तिघं डबे उघडून बसले. इस्त्रीने पोपटला सांगितलं. टेलर कसा भेटला, तेव्हा त्याने शर्टाची एक बाही आखूड कशी शिवली होती, ती दुरुस्त करायला इस्त्री पुन्हा पुन्हा कसा जात राहिला. गावच्या घरी काय झालं, आई अजून फोन करते पण बाप का बोलत नाही. पोपट घास हातात धरून ऐकत होता. भोंगा उकडलेल्या अंड्याचं टरफल काढत होता, जितकं सावकाश काढता येईल तितकं सावकाश.

“त्या दिवशी व्हॅनमध्ये मी बोललो ते...” पोपट म्हणाला. “तेवढं सोडून दे. म्हणजे, सोडू नको. माफ कर.”

“बरं.”

पोपट गप्प बसला. फार वेळ बसवलं नाही. “एक विचारू? रागावणार नाहीस ना? मग तुमच्यात स्वयंपाक कोण करतं?”

भोंग्याचा हात थांबला. त्याने इस्त्रीकडे पाहिलं. इस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

“ज्याला आधी भूक लागते तो,” इस्त्री म्हणाला. “तुमच्यात कोण करतं?”

“बायको.”

“आणि तिला भूक नसली तर?”

पोपट विचारात पडला. असा प्रसंग त्याच्या घरी कधी आला नव्हता, किंवा आला असेल तर त्याच्या लक्षात आला नव्हता. भोंग्याने अंड्याचे दोन तुकडे केले आणि मोठा इस्त्रीच्या डब्यात ठेवला.